बादल नाईकाचा पाट

भुतं रात्रीच येतात असं ज्याला वाटतं, त्याने वैशाखात सोनझिरीला जावं. भर दुपारी. विहिरीवरच्या चिंचेखाली.

ही गोष्ट कोणी पारावर बसून रचलेली नाही. ज्या बाईच्या डोळ्यांदेखत ती घडली, ती आज धुळ्यात देवपूरला नांदते आहे. ज्योत्स्ना तिचं नाव. फार खोदून विचारलं तर ती भांडी घासायचं निमित्त करून आत निघून जाते. पण एकदाच, एका दमात, तिने जे सांगितलं ते असं आहे. त्यात पदरचं काही नाही.

गेल्या वर्षीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया.

खान्देशात आखाजीसारखा सण नाही. दिवाळी सगळ्यांची, आखाजी लेकीबाळींची. सासुरवाशीण महिनाभर आधी वाटेकडे कान लावते. कडुलिंबाला झोके टांगलेले असतात, कैऱ्या पाडाला आलेल्या असतात, आणि माहेरचं अंगण तिला झोपेत हाका मारत असतं.

त्याच दिवशी आणखीही कोणी घरी येतात...

मेलेली माणसं.

घरोघरी त्यांच्या नावाने नवी मातीची घागर भरतात. घागरीवर मातीचं भांडं, भांड्यावर डांगर, म्हणजे आपलं खरबूज. पितर तहान घेऊन येतो, असं म्हणतात. मग कोणा जित्या माणसाला पाटावर बसवायचं. त्यालाच पितर मानायचं. नाव घेऊन बोलवायचं, आधी पाणी द्यायचं, मग आमरस-पोळी वाढायची. शेवटी विचारायचं, "तृप्त झाले का?" त्याने म्हणायचं, "झालो." की पितर आल्या वाटेने गेला.

दर वर्षी होतं. कोणाला भीती वाटत नाही.

फक्त एक गोष्ट तिकडे कोणी करत नाही. नाव घेऊन बोलावलेल्याला पाण्यासमोर तिष्ठत बसवत नाही.

सोनझिरी चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायाशी. खाली केळीचे मळे, वर कपाशीची रानं, आणि त्याच्याही वर, डोंगर चढायला लागतो तिथे, भिलाटी, भिल्लांची वस्ती. ज्योत्स्ना अमळनेरवरून बसने आली, तेव्हा फाट्यावर तिचा धाकटा भाऊ तेजस मोटारसायकल घेऊन उभा होता. घामाने निथळत, दात काढत.

"अक्का, उनी का! मी म्हनं, भाऊजी सोडतीन का नही."

"सोडतच नव्हते. मी सांगितलं, मना भाऊ उनमा हुबा शे, काळा पडी जाई."

"आते आखो काय काळा पडसू? कोळसाले कोणी काजळ लावस का?"

ती हसत हसत मागे बसली. तेजसचं लग्न ठरलं होतं. मुलगी धरणगावची. वाटेत तो तिच्याबद्दल काहीच बोलला नाही, पण गाडी चालवताना सारखा गुणगुणत होता. बहिणीला काय कळायचं राहतं?

संध्याकाळी लिंबाच्या झोक्यावर ती बसली. तेजसने झोका दिला. तिने लहानपणची ओळ म्हटली.

*लिंबना झोका गया आभाळले,*
*भाऊ उना बहिणले लेवाले...*

"बस झालं," तेजस म्हणाला, "उद्या आवाज राखून ठेव. उद्या नानांचा कार्यक्रम शे. तुला गायचं शे माइकवर."

"कसला कार्यक्रम?"

नाना म्हणजे त्यांचे वडील, जीवराम नाना. कधीकाळचे सरपंच. त्या वर्षी त्यांनी एकच ध्यास घेतला होता. विहिरीवर, चिंचेखाली, त्यांनी एक काळा दगड बसवून घेतला होता. बादल नाईक आणि त्याच्या साथीदारांचा.

आई, बेबाबाई, चुलीशी सांजोऱ्या तळताना म्हणाली, "महिना झाया, तुना बाप झोपेल नही. रातले उठी उठी भाषण करस."

"चांगलं काम आहे ना, माय."

"काम चांगलं शे." बेबाबाईने झाऱ्या कढईवर आपटला. "पन बठ्ठं त्या साहेबकरता चालेल शे. साहेब येतीन, साहेब बोलतीन. मरेल माणूस राही गया बाजूले."

बादल नाईक कोण, ते सोनझिरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण मोठ्याने कोणी सांगत नसे.

सत्तावन्नचं बंड झालं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात सातपुड्यातल्या भिल्लांना मोडायला गोऱ्यांची पलटण आली, आणि सोनझिरीत तळ ठोकून बसली. घरं घेतली. धान्य घेतलं. आणि वैशाखात विहीर घेतली. गावाला पाणी मिळे ते कप्तानाच्या मर्जीने. बादल नाईक डोंगरातून माणसं घेऊन उतरला. पलटणीच्या गवताच्या गंजी पेटवल्या, घोडी सोडून दिली, आणि विहिरीवरच्या पहाऱ्याशी झुंजला. साथीदारांसकट धरला गेला.

कप्तानाने गोळी घातली नाही.

त्यांना चिंचेला बांधलं. समोर, हात पोचणार नाही इतक्यावर, भरलेल्या घागरी ठेवल्या. डोंगरातली बाकीची माणसं कुठे लपली ते सांगा, पाणी घ्या.

कोणी सांगितलं नाही.

त्यात आखाजी आली. कप्तानाने गावाला सणापुरती विहीर उघडी करून दिली. आपापल्या पितरांच्या घागरी भरायला गावच्या साऱ्या बाया आल्या. भरल्या घागरी डोईवर घेऊन त्या माणसांच्या समोरून गेल्या...

एकही थांबली नाही.

शेवटी म्हणे पहाऱ्यावरच्याच एका शिपायाला दया आली. त्याने संध्याकाळी लोटा नेला. बादल नाईकाने दातावर दात दाबले. उघडलेच नाहीत. पाणी हनुवटीवरून ओघळून मातीत गेलं.

भिलाटीतल्या म्हाताऱ्या अजून जात्यावर म्हणतात,

*भरी घागर माथावर, बाई, खाले मान घाल,*
*चिंचखाले तिसे मरस मना नाईक बादल.*

तीस म्हणजे तहान.

हे गाणं गावात कोणी म्हणत नसे. गावाला ते आपल्याच आज्यांवर थुंकल्यासारखं वाटे. नानांनी ते भिलाटीत बसून ऐकलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, हे खरं आहे. "दीडशे वर्षांत या माणसांना कोणी एक पेला पाणी दिलं नाही," ते म्हणाले, "आपण देऊ. आखाजीलाच देऊ. सगळ्या तालुक्यासमोर देऊ."

इथवर सगळं ठीक होतं.

आखाजीच्या दिवशी उन्हाने दहालाच डोकं वर काढलं. चिंचेखाली मांडव. दगडाला हार. समोर नव्या घागरी ओळीने भरून ठेवलेल्या, त्यांवर डांगरं. मधोमध पाट एकच, बादल नाईकाचा. त्यावर बसायला भिलाटीतला गेंदा आला. बादल नाईकाच्याच वंशातला. चाळिशीचा, कमी बोलणारा. नानांनी त्याच्या डोक्याला लाल पागोटं बांधलं. पाटाला लागून पितळी पेला. तो पहिला पेला साहेबांच्या हातून द्यायचा, असं पत्रिकेत छापलेलं.

साहेब म्हणजे मोठे पाहुणे. कोणते, ते राहू दे.

फोन आला, साहेब चोपड्यातून निघालेत. नानांनी घाई केली. त्यांना वाटलं, गाडी दारात येताच पेला हातात देता यावा. त्यांनी माइक घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बादल नाईक, या! सोनझिरी तुम्हाला बोलावते आहे. पाटावर बसा!"

भोंग्यातून ते नाव डोंगरापर्यंत गेलं.

आणि डोंगराकडून...

परत आलं नाही. तिकडे नेहमी आवाज घुमतो. त्या दिवशी घुमला नाही. कोणीतरी तो वरच्या वर झेलून घेतल्यासारखा.

ज्योत्स्नाने मान वर केली. चिंचेवर कावळे होते, ते गप्प होते. गप्प, आणि सगळे एकाच जागेकडे बघत होते. पाटाकडे.

पाच मिनिटं झाली. साहेब आले नाहीत.

पाव तास झाला.

गेंदा पाटावर ताठ बसून होता. मग तो हळूच म्हणाला, "नाना, नाव लिधं ना. आते पाणी द्या."

"देऊ, देऊ. साहेब वाटेतच शेतस."

"साहेब येवोत का न येवोत. बलाईसन बसाडनं बरं नही."

"गेंदा, आता पाच मिनिटांनी काय होतं रे? दीडशे वर्षं थांबला ना तो?"

लोक हसले. नानाही हसले.

गेंदा नाही हसला. त्याने पेल्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं. पागोटं काढून पाटावर ठेवलं आणि उठला.

"मना आजाना आजा शे तो," तो म्हणाला. "एकदाव या झाडखाले तुम्हीन त्याले बसाडं. दुसऱ्यादाव मी नही बसाडाव."

तो भिलाटीच्या वाटेने निघून गेला. मागे वळून बघितलं नाही.

पाट रिकामा राहिला. ज्याला बोलावलं होतं तो आला होता की नव्हता, कोण सांगणार? पण नाव घेतलं होतं, आणि पाट रिकामा होता.

नाना घायकुतीला आले. "अरे, फोटोवाले येतील, पाट रिकामा कसा? तेजस! तू बस."

"मी?" तेजसने पागोटं उचललं, डोक्यावर तिरकं ठेवलं, मिशीवर ताव दिला. "चला! आजपासून मीच बादल नाईक. अक्का, फोटो काढ, धरणगावले धाडजो!"

ज्योत्स्नाने मोबाइल उचलला. तो फोटो अजून तिच्याकडे आहे. ती दाखवत नाही.

तेजस पाटावर बसला.

आणि हसू तसंच अर्धवट राहिलं.

आधी तिला वाटलं, तो पाहुण्यांसाठी गंभीर झाला. मग तिचं लक्ष घागरींकडे गेलं. नवी घागर वैशाखात पाझरते. बाहेरून ओली होते, खाली मातीत ओलं वर्तुळ पडतं. त्या पहाटे भरलेल्या होत्या, काठोकाठ...

एकही पाझरली नव्हती.

तिने एका घागरीला हात लावला. तव्यासारखी तापलेली.

भोंगा खरखरला आणि बंद पडला. त्या शांततेत तिला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. कोरड्या घशाने घोट गिळल्याचा. नुसत्या थुंकीचा घोट, जो खाली उतरत नाही.

क्टक्...

थोडं थांबून, दुसरीकडून. क्टक्...

चिंचेच्या बुंध्याभोवती. तिथे कोणीच बसलेलं नव्हतं.

"नाना," ती वडिलांजवळ गेली, "त्याला पाणी द्या. त्याचे ओठ बघा."

तेजसचे ओठ फुटले होते. नुकताच सावलीत येऊन बसलेला पोरगा, तासाभरापूर्वी तांब्याभर ताक प्यायलेला... आणि ओठांना भेगा, जशा उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतात.

"आता थोडक्यासाठी? साहेबांची गाडी फाट्यावर असेल."

"मी देते."

तिने पेला उचलला, भरला. नानांनी तिचं मनगट धरलं. रागाने नाही. विनवल्यासारखं.

"ज्योती. चारचौघांत माझी शोभा नको करू. पहिला पेला साहेबांच्या हातचा. एवढं ऐक."

आणि ती थांबली.

हे तिने सांगितलं तेव्हा ती रडली नाही. तिचा आवाज पिठासारखा कोरडा झाला होता. "मी थांबले," ती म्हणाली. "भरलेला पेला हातात घेऊन, त्याच्यासमोर. बापाचं ऐकलं."

ऊन मांडवाच्या फटींतून खाली उतरलं. माणसं वाऱ्याच्या आशेने कडेकडेला सरकली. तेजस हलला नाही. त्याची नजर पेल्यावर होती. पेला डावीकडे गेला की डोळे डावीकडे. उजवीकडे गेला की उजवीकडे.

मग नानांचा फोन वाजला.

साहेब येत नव्हते. त्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जावं लागलं होतं. शुभेच्छा कळवल्या होत्या.

फोन कानाला धरूनच नाना रस्त्याकडे बघायला मांडवाबाहेर गेले.

ज्योत्स्ना मात्र धावली. गुडघ्यांवर बसली, पेला भावाच्या ओठांना लावला.

"पी रे, राजा. झालं. पी."

तेजसने दातावर दात दाबले.

पाणी हनुवटीवरून ओघळलं. छातीवर, पाटावर, मातीत.

"तेजू! थट्टा नको करू!"

त्याचे डोळे तिच्याकडे वळले. आणि तिथे तिचं काळीज फाटलं. कारण डोळे तेजसचे होते. डोळे पाणी मागत होते. लहानपणी ताप आला की अक्का म्हणून हात पुढे करायचा, तसे ते डोळे ओरडत होते... दे, दे, दे.

जबडा त्याचा नव्हता.

चार गड्यांनी त्याला आडवं केलं. एकाने चमचा दातांत घातला. चमचा वाकला. बेबाबाई धावत आली, तिने लेकाचं डोकं मांडीवर घेतलं, ओला पदर त्याच्या ओठांवर पिळला. पदराचं पाणी ओठांवर पडलं आणि तापल्या तव्यावर पडावं तसं... चर्र करून नाहीसं झालं.

"कोण शे तू?" बेबाबाई किंचाळली. "मना पोऱ्यानी तुनं काय वाकडं करं? त्याना तोंडमाईन नीघ!"

फक्त तो घोट.

क्टक्...

गाडी काढली. चोपड्याला नेलं, तिथून जळगावला. उष्माघात, डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी जिवाचं रान केलं, यात खोट नाही. सलाईन लावली. नळीत थेंब पडायचा, सुईजवळ यायचा...

आणि थांबायचा.

शीर बदलली. हात बदलला. पाय बघितला. नर्स म्हणाली, "असं कसं? नळी तर मोकळी आहे." तिने सुई काढून धरली. पाणी धारेने वाहिलं. परत टोचली. थांबलं. जणू आतून कोणी मूठ आवळून बसलं होतं.

सलाईनसाठी बाही वर केली तेव्हा ज्योत्स्नाला त्याची मनगटं दिसली. दोन्हींवर काळेनिळे वळ. काथ्याच्या दोराचे पीळ जसेच्या तसे उमटलेले. मांडवात दोर नव्हता. कोणी त्याला बांधलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, बरोबर ऊन माथ्यावर आलं तेव्हा, तेजस गेला.

शेवटपर्यंत शुद्धीवर होता. हे सगळ्यात वाईट. बाहेर पाणपोई होती, कोणी तांब्या बुडवला की त्याचे डोळे दाराकडे वळत. अगदी शेवटीसुद्धा वळले. मग तिथेच राहिले.

अंघोळ घालताना त्याच्या अंगावर ओतलेलं पाणी वाळूत मुरावं तसं दिसेनासं झालं. तिरडीखालची जमीन कोरडी राहिली. धरणगावची माणसं येऊन गेली. विचारण्यासारखं काय उरलं होतं?

वर्ष गेलं. नाना बोलेनासे झाले. दगडाजवळ कोणी फिरकेना. चिंचेखालून जाणारी वाट गावाने सोडून दिली, शेतातून नवी पाडली.

मग या वर्षीची आखाजी आली.

ज्योत्स्नाला या वेळी फाट्यावर घ्यायला कोणी नव्हतं. ती चालत घरी आली. पहाटे उठली आणि आपल्या हाताने भावाची घागर भरली. पहिल्या वर्षाची घागर. ज्याची ती राहिली, त्याला पितरांत जागा नाही, असं तिकडे मानतात. तेवढंच तिच्या हातात उरलं होतं. भावाला एकदा पाणी मिळावं, तो सुटावा.

पण पाटावर बसणार कोण?

बेबाबाई घरोघर फिरली. कोणाचं पोट दुखत होतं, कोणाला बाहेरगावी जायचं होतं. "काकू, राग नका येऊ देऊ," शेजारचा लोटन म्हणाला, "पन मना घर लेकरं शेतस."

ऊन वर आलं. घागर तशीच होती. मायलेकी दारात बसल्या होत्या.

भिलाटीच्या वाटेने गेंदा खाली आला. कोणी बोलावलं नव्हतं. त्याने पाय धुतले, आत आला, पाटावर बसला.

"वाढा," एवढंच म्हणाला.

ज्योत्स्नाने क्षणाचाही वेळ लावला नाही. नाव घेतलं आणि घेताघेताच पेला त्याच्या हातात दिला. गेंदा प्यायला. एका दमात, पेला खाली न ठेवता. तिने दुसरा दिला. तो जेवला. आमरस, पोळी, सांजोरी, कुरडई. प्रत्येक घास जपून, एखाद्याच्या तोंडात भरवावा तसा. बेबाबाई भिंतीला टेकून रडत होती. नाना कोपऱ्यात होते, वर्षात पहिल्यांदा त्यांनी मान उचलली होती.

ज्योत्स्नाने हात जोडले.

"तेजू... तृप्त झाला का रे?"

गेंदाने तोंड उघडलं. मिटलं. खाली ताटाकडे बघत बसला.

"गेंदाभाऊ, म्हणा ना. झालो म्हणा."

"खोटं कसं म्हनू, अक्का?" तो पाटावरून उठला. "मी जेवनू. मीच जेवनू. दुसरं कोणी नही उनं."

ज्योत्स्ना उठली. तिने घागर डोक्यावर घेतली आणि सरळ चिंचेची वाट धरली. भर दुपार. मागून काठी टेकत नाना. गेंदा उंबऱ्यापर्यंत आला, तिथेच थांबला.

दगडाजवळ मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. तिने घागर कलती केली. सगळं पाणी ओतलं.

ते मुरलं नाही.

भेगांवर काच ठेवल्यासारखं पसरून राहिलं. तळपत. त्यात चिंच दिसत होती, आभाळ दिसत होतं. एक थेंब खाली जाईना.

कावळे गप्प झाले.

आणि बुंध्याच्या पलीकडून, अगदी ओळखीचा, थोडा घोगरा, थट्टेच्या सुरातला आवाज आला...

"नाना... साहेब निघाले का?"

जीवराम नाना गुडघ्यांवर पडले. ओंजळीने ते पाणी बुंध्याकडे लोटू लागले. "पी रे, बाळा! कोणी नही येवाव! कोणाची वाट नको दखू, पी! मी सांगस ना, तुना बाप सांगस ना!"

पाणी बोटांतून परत आलं. तिथेच राहिलं.

आवाजाने पुन्हा विचारलं. हळू. वाट बघायची सवय झालेल्या माणसासारखा.

"साहेब निघाले का?"

त्या दिवसापासून नाना भर दुपारी फाट्यावर जाऊन उभे राहतात. डोक्याला काही नाही, पायात काही नाही. हातात भरलेला पितळी पेला. चोपड्याकडून काचा वर केलेली मोठी गाडी दिसली, की रस्त्यात आडवे होतात.

"साहेब, जरासं खाली उतरा. विहीर जवळच शे. मना पोऱ्याले तुम्हना हातनं एवढं पाणी द्या."

गाड्या वळसा घालून जातात.

एखादी थांबते. काच खाली होते, गार वारा बाहेर येतो. आतल्या माणसाला वाटतं, म्हातारा उन्हात पाणी वाटतोय, पुण्याचं काम करतोय. तो पेला घेतो आणि नानांचं बोलणं संपायच्या आत पिऊन टाकतो. "बरं वाटलं, बाबा," म्हणतो. काच वर जाते.

नाना रिकाम्या पेल्याकडे बघतात. मग पुन्हा भरायला विहिरीवर जातात.

ज्योत्स्ना त्यांना आणायला एकदा मागोमाग गेली होती. ती सांगते, नाना पेला भरत असताना चिंचेखालून दातावर दात घासल्याचा आवाज येत होता. आणि त्यात मिसळलेलं, अगदी बारीक... हसू.

ते तेजसचं होतं की त्या दुसऱ्याचं, हे बघायला ती पुढे गेली नाही.